गाणे वगळलेले युद्ध : 'रोबोटेक : द मॅक्रॉस सागा' या व्हिडिओ गेमचा माध्यमांतराच्या दृष्टीने विचार

प्रास्ताविक :

माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा कादंबरीवरून नाटक अथवा चित्रपट या वाटेनेच होते. व्हिडिओ गेम हे माध्यम तीत क्वचित येते, आणि आले तरी मुलांच्या सवयींविषयीची चिंता म्हणून येते. कृती म्हणून त्याचे परीक्षण होत नाही. प्रस्तुत लेखात २००२ साली 'गेम बॉय ॲडव्हान्स' या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी निघालेल्या 'रोबोटेक : द मॅक्रॉस सागा' या गेमचा विचार केला आहे. लकी चिकन गेम्स या संस्थेने तो तयार केला व टीडीके मीडियाॲक्टिव्ह या कंपनीने प्रकाशित केला. हा काही फार गाजलेला गेम नव्हे. परंतु मूळ कृतीतील काय उचलावे आणि काय सोडावे हा माध्यमांतराचा मूलभूत प्रश्न त्यात इतक्या उघडपणे दिसतो की, अभ्यासासाठी तो अधिक यशस्वी कृतींपेक्षा सोयीचा ठरतो.

मूळ कृती आणि तिचे पहिले रूपांतर :

'सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस' ही छत्तीस भागांची जपानी ॲनिमे मालिका १९८२-८३ मध्ये प्रसारित झाली. दिग्दर्शक नोबोरु इशिगुरो होते. यंत्रांची रचना प्रामुख्याने शोजी कावामोरी यांची, तर पात्रांचे रेखाटन हारुहिको मिकिमोतो यांचे. 'मेका', म्हणजे चालकाने आत बसून चालवावयाचा महाकाय यंत्रमानव, या प्रकारातील ही मालिका होय. १९८५ मध्ये कार्ल मेसेक यांनी हार्मनी गोल्ड या अमेरिकन संस्थेसाठी ही मालिका आणि अन्य दोन स्वतंत्र जपानी मालिका एकत्र गुंफून पंच्याऐंशी भागांची 'रोबोटेक' सिद्ध केली. हिकारू इचिजो तेथे रिक हंटर झाला, मिसा हायासे लिसा हेस झाली. म्हणजेच प्रस्तुत गेम हे रूपांतराचे रूपांतर आहे.

मालिकेतील शत्रू झेंत्राडी हे सुमारे दहा मीटर उंचीचे, केवळ युद्धासाठी घडविलेले लोक. त्यांना कुटुंब ठाऊक नाही, स्त्रीपुरुषांचे सहजीवन ठाऊक नाही, गाणे ठाऊक नाही. मानवी जहाजावर हेरगिरीस आलेले त्यांचे तिघे सैनिक परत जाताना लिन मिनमे या तरुण गायिकेची बाहुली सोबत नेतात, आणि त्या क्षुल्लक वस्तूपासून शत्रूच्या सैन्यात फूट पडू लागते. सत्ताविसाव्या भागातील निर्णायक लढाईत मिनमेचे गाणेच शत्रूला गोंधळात टाकते. अर्थात हा भाबडा आशावाद नव्हे. तोवर पृथ्वीचा पृष्ठभाग जवळजवळ उद्ध्वस्त झालेला असतो, आणि गाण्याचा उपयोग शस्त्रासारखा केला जातो, ही अस्वस्थता मालिका लपवीत नाही. 'रोबोटेक'मध्ये गाणी बदलली, ती नव्याने इंग्रजीत रचण्यात आली. पण कथेतील गाण्याचे कार्य मात्र शाबूत राहिले.

गेमची रचना :

हा आडव्या सरकत्या पडद्यावरील गोळीबाराचा गेम आहे. खेळाडूच्या ताब्यात एक लढाऊ यंत्र असते आणि शत्रूंचे थवे समोर येत राहतात. या यंत्राची तीन रूपे आहेत : विमान, यंत्रमानव, आणि दोहोंमधील पाय फुटलेले विमान, ज्याला 'रोबोटेक'मध्ये 'गार्डियन' म्हणतात. खेळताखेळता रूप बदलता येते. हीच या गेमची खरी जमेची बाजू, आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. कावामोरी यांच्या रचनेत रूपबदल ही शोभेची करामत नाही. अमेरिकन एफ-१४ विमानावरून सुचलेल्या या यंत्रात विमानाच्या इंजिनांचेच पाय होतात. रूपागणिक चालकाचे युद्धाशी असलेले नाते बदलते. वेगाने दुरून लढणारा वैमानिक हातघाईच्या लढाईतील पायदळ सैनिक होतो. हा बदल प्रेक्षकाला केवळ पाहता येतो. गेममध्ये तो निर्णय म्हणून घ्यावा लागतो, तोही गोळ्यांच्या माऱ्यात. येथे माध्यमांतराने मूळ कृतीत भर घातली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र उलट घडते. मालिकेत हे यंत्र माणसाच्या आकाराचे करण्यामागे कारण आहे : महाकाय शत्रूशी त्याच्याच उंचीवर उभे राहून लढता यावे. २४० गुणिले १६० बिंदूंच्या पडद्यावर, बाजूने दिसणाऱ्या दृश्यात, उंची मोजण्यास माणूसच उरत नाही. त्यामुळे झेंत्राडी हे लोक न वाटता आणखी एक लक्ष्य वाटतात. शत्रूचे 'लोक असणे' पुसले गेले की गाण्याची गरजही आपोआप संपते. कारण गाणे ऐकणारा कोणीतरी असावा लागतो.

खेळाडूला या गेममध्ये सरकता येते, गोळी झाडता येते, रूप बदलता येते. गोळी न झाडून काही साध्य होईल, असा एकही प्रसंग त्याच्या हाती दिलेला नाही. छोट्या यंत्राच्या मर्यादा हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. १९८५ मध्येच नाम्कोने तयार केलेला व बान्दाईने प्रकाशित केलेला 'मॅक्रॉस' हा गेम फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला होता. तोही आडव्या पडद्याचा, तोही तीन रूपांचा, आणि ते यंत्र कितीतरी दुबळे. तरीही त्याच्या पार्श्वसंगीतात मिनमेच्या गाण्याची चाल होती. शब्द नव्हते, आवाज नव्हता. पण ही लढाई कोणत्या जगातील आहे याचे भान त्या चालीत होते.

पुढे आर्टडिंक या संस्थेने सोनीच्या पीएसपी या हातातील यंत्रासाठी २००८ मध्ये 'मॅक्रॉस एस फ्रंटियर' व त्यानंतर आणखी दोन गेम काढले. त्यांत मालिकांतील प्रत्यक्ष गाणी लढाईच्या वेळी वाजतात. हा बदल स्वागतार्ह असला तरी मर्यादितच मानावा लागेल. गाणे तेथे लढणाऱ्याचा हुरूप वाढविते. मूळ मालिकेत ते लढणाऱ्याचा हात थांबवीत होते. दोहोंतील अंतर फार मोठे आहे, आणि चाहत्यांच्या उत्साही लेखनात ते सहसा नोंदविले जात नाही.

शिवाय निर्णायक लढाईनंतर मूळ मालिकेचे नऊ भाग शिल्लक राहतात. त्यांत उद्ध्वस्त पृथ्वीवर मानव आणि झेंत्राडी एकत्र राहू पाहतात. युद्धाशिवाय जगणे न जमल्याने काही झेंत्राडी पुन्हा शस्त्राकडे वळतात, आणि ज्या मिनमेने युद्ध थांबविले तिची गाणीही फारशी कोणी ऐकेनासे होते. नोकरी, वस्ती, टंचाई, जुने सैनिक हा त्या भागांचा विषय आहे. आडव्या सरकत्या पडद्याला त्यासाठी थांबावे लागले असते, आणि या गेमचा पडदा थांबत नाही.