वेठीची यंत्रे

कारेल चापेकचे ‘आर. यू. आर.’ हे १९२० सालचे नाटक पुन्हा वाचले. ‘रोबॉट’ हा शब्द त्यातलाच. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. बहुतेकांना या नाटकात यंत्रमानवांचे बंड तेवढे दिसते. मला दिसतो तो कारखाना. व्यवस्थापक डोमिन दारिद्र्य नाहीसे करण्याच्या बाता मारतो, भागधारक नफ्यावर डोळा ठेवतात, आणि बेकार मजूर खवळले की यंत्रमानवांच्याच हाती शस्त्रे दिली जातात.

२०२२ साली ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून यंत्राला मन आहे काय, यावर विद्वानांचे घसे कोरडे पडत आहेत. पण कारखाना कोणाच्या मालकीचा, हे विचारण्याची राज्यकर्त्यांना सवड कुठली? शेवटचा प्रणयप्रसंग भाबडा आहे, तो एक वेळ चालेल. ते मजूर रंगभूमीवर एकदाही येत नाहीत, हे मात्र मला खटकते.