महापौराची निवड आणि मतदाराचा कौल : भिवंडी महानगरपालिकेच्या संदर्भात एक चिकित्सा

सत्ताधाऱ्याने ठरावीक मुदतीनंतर मतदारापुढे उभे राहावे, प्रतिस्पर्ध्यांना तोंड द्यावे आणि आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा, हे लोकशाहीतील उत्तरदायित्वाचे मूलतत्त्व होय. महाराष्ट्रातील महापौरपदास हे तत्त्व कितपत लागू पडते, याची चिकित्सा भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेच्या उदाहरणावरून करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२०१७ च्या निवडणुकीत ९० पैकी ४७ जागा काँग्रेसला मिळून जावेद दळवी महापौर झाले. त्या सभागृहात कोणार्क विकास आघाडीचे अवघे ४ सदस्य होते. तथापि ५ डिसेंबर २०१९ रोजी याच आघाडीच्या प्रतिभा पाटील ४९ मते मिळवून महापौर झाल्या. काँग्रेसच्या रिषिका राका यांना ४१ मते मिळाली. काँग्रेसच्या १८ सदस्यांनी पक्षाविरुद्ध केलेले मतदान निर्णायक ठरले. मतदाराने दिलेले बहुमत मतदाराला न विचारताच मोडले गेले.

या घटनेकडे केवळ व्यक्तिगत नीतिमत्तेचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे आहे. महापौराची मुदत अडीच वर्षांची. आरक्षणाचे चक्र फिरते असल्याने विद्यमान महापौरास त्याच पदासाठी पुन्हा उभे राहण्याची संधी क्वचितच मिळते. साहजिकच स्पर्धा असते ती सभागृहातील संख्याबळाची, कामगिरीची नव्हे. स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अपात्रतेचा १९८६ चा कायदा पक्षादेश मोडणाऱ्या सदस्यास शासन करू शकतो; परंतु झालेली निवड त्यामुळे आपोआप रद्द होत नाही.

यावर थेट निवडणुकीचा उपाय सुचविला जातो. मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशात मतदारांनी महापौर थेट निवडल्याची उदाहरणे आहेत. महाराष्ट्रात नगराध्यक्षाची थेट निवड २०१६ मध्ये पुन्हा आणली गेली, २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये परत आली. ही धरसोड तत्त्वापेक्षा राज्यातील सत्ताधाऱ्यांच्या सोयीची निदर्शक आहे, असे म्हणावे लागते. शिवाय महानगरपालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी इमारत कोसळून तिसाहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगी धोकादायक इमारतींचा जाब नागरिकाने कोणाला विचारावा? महापौराकडे अधिकार नाही आणि आयुक्त निवडून आलेला नाही. अधिकाराविना थेट निवडणूक म्हणजे मतदाराच्या हाती दिलेली रिकामी सनद ठरेल.

२०२२ च्या जूनमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. या काळात तर जाब विचारण्यासाठी नगरसेवकही उरला नव्हता. नव्या सभागृहात काँग्रेस ३० जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमत कोणालाच मिळाले नाही. म्हणजे २०१९ मध्ये बहुमत फोडून जे घडले, त्याला आता मोडतोडीचीही गरज उरलेली नाही.

सारांश, महापौराची मुदत सभागृहाइतकीच म्हणजे पाच वर्षांची करणे, निश्चित कार्यकारी अधिकार त्या पदाला देणे आणि मगच थेट निवडणुकीचा विचार करणे, हा क्रम अधिक तर्कसंगत वाटतो. हा क्रम उलटविल्यास पदाची शोभा वाढेल. यंत्रमागांच्या या शहरातील कामगाराला मात्र पाणी, रस्ता आणि सुरक्षित छप्पर यांचा हिशेब देणारा कोणी लाभणार नाही.