उच्चपदस्थ कॅथलिक धर्मगुरूंचा धर्मबहिष्कार : 'औषधी' शिक्षेची मर्यादा

प्रस्तावना

कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेत धर्मबहिष्काराची गणना 'औषधी' शिक्षांमध्ये होते. अपराध्याला दुःख देणे हा या शिक्षेचा मुख्य हेतू नाही. त्याने हट्ट सोडून परत यावे हा आहे. मराठी वाचकाच्या मनात 'बहिष्कार' या शब्दाबरोबर वाळीत टाकण्याच्या प्रथेची आठवण जागी होते. त्या प्रथेत रोटी-बेटी व्यवहार आणि पाणवठा तोडला जातो. आजच्या धर्मसंहितेला तसे अभिप्रेत नाही. बहिष्कृताचा बाप्तिस्मा पुसला जात नाही. संस्कार देणे-घेणे आणि चर्चमधील अधिकारपद चालविणे यांस मनाई होते. हट्ट सोडल्यास ही मनाई उठते. सामान्य श्रद्धावंताच्या बाबतीत ही कल्पना सुसंगत वाटते. परंतु बहिष्कृत व्यक्ती स्वतःच बिशप वा आर्चबिशप असेल, तर हे औषध कितपत लागू पडते? प्रस्तुत लेखात तीन प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१०५४ : परस्परांवरील बहिष्कार

१६ जुलै १०५४ रोजी पोपचा प्रतिनिधी कार्डिनल हम्बर्ट याने कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया चर्चच्या वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले. ते पॅट्रिआर्क मायकेल सेरुलारिअस व त्याच्या समर्थकांविरुद्ध होते. ज्यांच्या वतीने हम्बर्ट आला होता ते पोप नववे लिओ त्याच वर्षी एप्रिलमध्ये मरण पावले होते. त्यामुळे त्याच्या अधिकाराविषयीच शंका उपस्थित होते. पॅट्रिआर्कने धर्मसभा भरवून या प्रतिनिधींना बहिष्कृत केले. येथे अपराधी कोण व वैद्य कोण, हेच ठरलेले नव्हते. ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल आणि पॅट्रिआर्क अथेनागोरस यांनी हे बहिष्कार विस्मृतीत टाकले. ते विशिष्ट व्यक्तींवर होते, चर्चवर नव्हते, असेही त्यांच्या संयुक्त निवेदनात म्हटले आहे. मात्र मध्ये ९११ वर्षे लोटली होती. ज्या व्यक्तींना परत आणण्यासाठी शिक्षा होती, त्यांना तिचा काही उपयोग झाला नाही.

१९८८ : आर्चबिशप लफेव्र

फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र (१९०५-१९९१) पूर्वी सेनेगलमधील डाकारचे आर्चबिशप होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) स्वीकारलेले धर्मस्वातंत्र्य, सर्वख्रिस्ती ऐक्याचा विचार आणि त्यानंतरचा नवा मिस्साविधी त्यांना परंपरेशी विसंगत वाटत होते. १९७० मध्ये त्यांनी संत दहावे पायस यांच्या नावाने धर्मगुरूंची संस्था स्थापन केली. ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधील एकोन येथे पोपच्या आज्ञेविना त्यांनी चौघांना बिशपपदाची दीक्षा दिली. ब्राझीलचे निवृत्त बिशप कास्त्रो मायेर त्यांना सहदीक्षक होते. १९८३ च्या धर्मसंहितेच्या कलम १३८२ नुसार (२०२१ च्या सुधारणेनंतर १३८७) अशा कृत्याबरोबरच बहिष्कार आपोआप लागू होतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २ जुलै रोजी या कृत्यास फूट पाडणारे ठरविले.

लफेव्र यांचा युक्तिवाद असा होता, की परंपरा वाचविण्याची निकड निर्माण झाली असल्याने शिक्षा लागूच होत नाही. 'निकड' हे कारण धर्मसंहितेलाही मान्य आहे. परंतु निकड आहे की नाही हे कोणी ठरवायचे, हाच मूळ वाद होता. १९९१ मध्ये ते बहिष्कृत स्थितीतच निवर्तले. चौघा बिशपांवरील बहिष्कार पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या कारकिर्दीत जानेवारी २००९ मध्ये उठविण्यात आला; तथापि तात्त्विक प्रश्न सुटेपर्यंत संस्थेला चर्चमध्ये अधिकृत स्थान नाही, असे पोपनी मार्चमधील पत्रात स्पष्ट केले. याच चौघांपैकी रिचर्ड विल्यमसन यांनी २०१५ मध्ये पुन्हा परवानगीविना बिशप-दीक्षा दिली आणि ते दुसऱ्यांदा बहिष्कृत झाले.

२०२४ : आर्चबिशप विगानो

कार्लो मारिआ विगानो हे २०११ ते २०१६ या काळात अमेरिकेत पोपचे राजदूत होते. पोप फ्रान्सिस यांचे पोपपद आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा अधिकार त्यांनी नाकारला. जुलै २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धातत्त्वविषयक विभागाने त्यांना फुटीचा अपराधी ठरवून बहिष्कार जाहीर केला. आरोप आपणास भूषणावह आहेत, अशी भूमिका त्यांनी आधीच घेतली होती. न्यायाधीशाचाच अधिकार अमान्य करणाऱ्यास त्याच्या निर्णयाने पश्चात्ताप कसा व्हावा?

दीक्षेची अमिटता

या अडचणीचे मूळ चर्चच्या स्वतःच्याच सिद्धान्तात आहे. डोनेटिस्ट पंथीयांशी वाद करताना संत ऑगस्टिन यांनी प्रतिपादन केले, की संस्काराचे फळ तो देणाऱ्याच्या योग्यतेवर अवलंबून नसते. या भूमिकेनुसार बहिष्कृत बिशपने योग्य विधीने व हेतूने दिलेली दीक्षा बेकायदेशीर ठरते, पण निष्फळ ठरत नाही. श्रद्धावंत सामान्य मनुष्य बहिष्कृत झाला तर तो एकटा पडतो. बिशप मात्र नवे धर्मगुरू व नवे बिशप घडवू शकतो. चर्चने दिलेले अधिकारपद चर्च काढून घेऊ शकते. दिलेली दीक्षा पुसू शकत नाही.

समारोप

उच्चपदस्थांच्या बाबतीत धर्मबहिष्कार हे अपराध्यासाठी औषध क्वचितच ठरते. त्याचा प्रत्यक्ष उपयोग इतर श्रद्धावंतांना सीमारेषा दाखविण्यासाठी होतो. कायद्याच्या भाषेने हे वास्तव झाकले जाते आणि तेथेच ती टीकेस पात्र ठरते. तरीही ज्या अमिटतेमुळे ही शिक्षा दुबळी होते, तिच्यामुळेच परतीची वाटही उघडी राहते. २००९ मध्ये चौघांवरील बहिष्कार उठला तेव्हा त्यांना नव्याने दीक्षा देण्याचा प्रश्न उद्भवला नाही. दीक्षाच रद्द करणारी शिक्षा अधिक परिणामकारक ठरली असती. परंतु मग परत येणारा बिशप म्हणून परत येऊ शकला नसता. शिक्षेचा हा दुबळेपणा चर्चने ऐक्याची शक्यता जपण्यासाठी दिलेली किंमत आहे, असेच म्हणावे लागते.