वाकांडाचे सिंहासन आणि ओकलंडची खोली

'ब्लॅक पँथर' हे नाव आपल्याकडे उच्चारले की १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या अमेरिकन संघटनेपासून ते नाव आले, ती ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थापन झाली. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे याच नावाचे चित्रकथेतील पात्र त्याच वर्षी, काही महिने अगोदर अवतरले होते. हा निव्वळ योगायोग. परंतु २०१८ सालच्या 'ब्लॅक पँथर' या चित्रपटाचा दिग्दर्शक रायन कूगलर हा मूळचा ओकलंडचा, आणि त्याने कथेचे बीजच ओकलंडमधील एका खोलीत पेरले आहे.

सुपरहिरोचे चित्रपट म्हणजे पोरखेळ, असे आपली विचारी मंडळी मानतात. माझे विद्यार्थी मात्र ते पाहतात, आणि मलाही त्यांच्याकडे पाठ फिरवावीशी वाटत नाही. ज्याला गोळी लागत नाही अशा माणसाची आपण काळजी का करावी, हा या प्रकारापुढचा खरा पेच आहे. तो जिंकणार हे ठरलेलेच असते. म्हणून नायकाची शक्ती किती, या प्रश्नावर कथा उभी राहत नाही. ही शक्ती कोणाच्या कामी येणार आणि कोणाला वगळून ती जपली गेली, हे विचारले की कथेत जीव येतो.

वाकांडा हे आफ्रिकेतील कल्पित, समृद्ध आणि लपलेले राज्य. साऱ्या जगात काळी माणसे विकली, मारली जात असता ते गप्प राहिले. १९९२ मध्ये राजा टिचाका ओकलंडच्या खोलीत आपल्या सख्ख्या भावाला ठार करतो आणि त्याच्या लहान मुलाला तिथेच टाकून निघून जातो. तोच मुलगा पुढे किलमाँगर होऊन परततो. म्हणजे नायकापुढे उभा राहणारा शत्रू त्याच्याच घराण्याच्या पापातून जन्मलेला आहे. राजपदाच्या विधीत टिचालाला पूर्वज भेटतात ते विस्तीर्ण माळावर. किलमाँगरला त्याच विधीत बाप भेटतो तो ओकलंडच्या त्याच खोलीत. आफ्रिकेचे आकाश फक्त खिडकीबाहेर. ज्याचा भूतकाळ हिरावला गेला त्याचा स्वर्गही भाड्याच्या खोलीएवढाच! संपूर्ण चित्रपटात याहून समर्थ प्रसंग मला आढळला नाही. पुढे टिचाला मृत बापाला तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात. नायक बदलतो तो शत्रूच्या प्रश्नामुळे.

परंतु येथेच दिग्दर्शकाचा धीर सुटतो. किलमाँगरच्या युक्तिवादाला उत्तर सुचले नाही की त्याच्या हातून प्रेयसीची हत्या करवायची, वृद्धेचा गळा धरवायचा. विद्रोह्याला क्रूर ठरवले की त्याच्या म्हणण्याचा विचार करावा लागत नाही. प्रस्थापित वाङ्मयाची ही जुनी युक्ती आपल्या परिचयाची आहे. शिवाय त्याची शस्त्रे घेऊन निघालेली विमाने पाडतो कोण, तर अमेरिकन गुप्तहेर खात्याचा माणूस, आणि तो सज्जन म्हणून! ज्या ओकलंडच्या पँथरांमागे अमेरिकन सरकारी यंत्रणा हात धुऊन लागल्या होत्या, त्यांचे नाव लावलेल्या चित्रपटात हे बोचते. शेवटची झुंज तर रेल्वेच्या रुळांवरची यांत्रिक धुमश्चक्रीच आहे. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

जगासाठी दार उघडा, हे नाकिया सुरुवातीपासून सांगत असते. शेवटी होते तेच, पण श्रेय राजाच्या पदरी. सिंहासनाला मात्र कोणी हातच लावत नाही. किलमाँगरही ते मागतो ते राजपुत्राचा मुलगा म्हणून, रक्ताच्या अधिकाराने. त्या रात्री खोलीखाली त्याच्याबरोबर बास्केटबॉल खेळणारी आणखी पोरे होती. त्यांच्यापैकी कोणी वाकांडाच्या दारी गेला असता, तर त्याला राजाला आव्हान देण्याचाही अधिकार नव्हता.