लेडीलँडचा कारभार

स्त्रीराज्य म्हटले की आपल्याला मच्छिंद्रनाथ आठवतात. नवनाथांच्या कथेतले ते राज्य म्हणजे योग्याला भुलवणारा सापळा. गोरक्षनाथ येतो, गुरूला सोडवून नेतो आणि कथा त्या दोघांबरोबर पुढे जाते. मागे राहिलेल्या राज्यात शेत कोण नांगरते, तंटे कोण तोडते, चूल कशावर पेटते, याची कोणी चौकशी करत नाही. बेगम रोकेया सखावत हुसेन यांनी १९०५ साली हीच चौकशी केली. ‘सुलतानाज ड्रीम’ ही त्यांची इंग्रजी कथा त्या वर्षी मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये आली आणि १९०८ साली कलकत्त्याहून पुस्तकरूपाने निघाली. एका बैठकीत वाचून होणाऱ्या या कथेत एक अख्खा देश आहे. त्याचे नाव लेडीलँड.

लिहिणारी बाई रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंदच्या जमीनदार घरातली, १८८० सालची. कडक पडद्यात वाढलेली. शाळेचे तोंड तिने पाहिले नाही. बांगला मोठ्या बहिणीकडून आणि इंग्रजी थोरल्या भावाकडून घरातच शिकली. जिने रस्तासुद्धा धड पाहिलेला नाही, तिने राज्यकारभाराची कल्पना कुठून करावी? तिने ती घरातून केली. या कथेची सगळी गोडी मला तिथेच सापडते.

आरामखुर्चीत पडून हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करता करता सुलतानाचा डोळा लागतो. सिस्टर सारा येते आणि तिला बागेत फिरायला घेऊन जाते. रात्र आहे, गडीमाणसे झोपली असतील, म्हणून सुलताना निघते खरी. बाहेर पाऊल टाकते तर लख्ख सकाळ आणि रस्ता माणसांनी भरलेला. ती संकोचून जाते. वाटेतल्या बायका हसून काहीतरी बोलतात. काय म्हणाल्या, असे विचारल्यावर सारा सांगते की तू फार पुरुषी दिसतेस असे म्हणतात. म्हणजे पुरुषांसारखी भित्री आणि लाजाळू. एवढ्या एका शेऱ्यात सगळा देश उघडा होतो. लाज हा बाईचा दागिना असल्याचे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. लेखिका कोणताही वाद न घालता दाखवते की लाज ही कोंडून ठेवलेल्या माणसाची सवय आहे. ज्याला कोंडाल त्याला ती जडेल.

या देशाचे अर्थशास्त्र वेळेच्या हिशेबावर उभे आहे. सारा प्रयोगशाळेतले काम दोन तासांत उरकते आणि उरलेला वेळ कशिद्याला देते. सुलताना चकित होते, कारण तिच्या देशात साहेबलोक रोज सात तास कचेरीत असतात. सारा शांतपणे गणित मांडते. एक चिरूट जळायला अर्धा तास लागतो असे धरा, माणूस दिवसाला बारा ओढतो असे धरा. मग सहा तास धुरातच गेले. पुरुष कामाविषयी बोलतात फार, करतात थोडे. हे गणित घरातल्या बाईचे आहे. घरात कशाची किती नासाडी होते हे जिला रोज पाहावे लागते, तिला कचेरीतली नासाडीही तशीच दिसते.

स्वयंपाकघर हे तर या देशाचे खरे सचिवालय. ते भाजीच्या मळ्यात आहे. वेली आणि टोमॅटोची झाडे हीच त्याची सजावट. धूर नाही, धुराडे नाही, कोळशाचा मागमूस नाही. सूर्याची उष्णता साठवून ती नळीने आणतात आणि तिच्यावर अन्न शिजते. सूर्यशक्तीच्या चुलीचे आज आपल्याला कौतुक वाटत नाही, पण १९०५ साली बंगालमधल्या एका बाईने हे लिहिले आहे. धुराने चुरचुरणारे डोळे जिने पाहिले असतील, तिचेच लक्ष विज्ञान हाती आल्यावर आधी चुलीकडे जाईल. आणि एक बारीक नोंद सुटू नये अशी आहे: सुलताना तिथे जाणार म्हणून स्वयंपाकघरातल्या पुरुषांना आधीच बाजूला व्हायला सांगितलेले असते. पाहुणा आला की माजघरात सरकणाऱ्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. इथे फक्त सरकणारे बदलले.

हे घडले कसे, याचा इतिहासही सारा सांगते. तेरा वर्षांची राणी गादीवर आली, तिला विज्ञानाची ओढ होती. तिने मुलींच्या शाळा काढवल्या आणि एकविसाव्या वर्षाआधी लग्न नाही असा कायदा केला. बायकांची दोन विद्यापीठे निघाली. एकाने ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा केला, दुसऱ्याने ईर्ष्येने सूर्याची उष्णता गोळा करण्याचे यंत्र केले. पुरुष तेव्हा लष्कर वाढवण्यात दंग होते. ते या शोधांना हसले. पुढे शेजारच्या देशातून काही राजकीय गुन्हेगार आश्रयाला आले, राणीने त्यांना परत देण्यास नकार दिला आणि युद्ध पेटले. पुरुष हरत गेले, शत्रू राजधानीजवळ आला. तेव्हा एका विद्यापीठाची प्राचार्या पुढे झाली. ती म्हणाली, आम्ही लढू. पण आम्ही बाहेर पडण्याआधी पुरुषांनी जनान्यात गेले पाहिजे, कारण पडदा पाळलाच पाहिजे.

हा मला कथेचा सर्वांत तेजस्वी क्षण वाटतो. प्राचार्या पडद्याचा नियम मोडत नाही, तंतोतंत पाळते. बायका आणि पुरुष एका जागी दिसू नयेत एवढाच नियम असेल, तर आत कोणी बसायचे हे त्यात कुठे सांगितले आहे? थकलेले पुरुष माना खाली घालून आत जातात. दोन हजार विद्यार्थिनी रणांगणावर जाऊन एकवटलेले ऊन शत्रूवर सोडतात. शत्रू पळतो.

पुढे पोलीस कमिशनर आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट राणीला अर्ज करतात: लष्करी अधिकारी चुकले, त्यांना कैदेत ठेवणे योग्यच, आम्ही मात्र कर्तव्यात कसूर केलेली नाही, आम्हाला पूर्वपदावर घ्यावे. राणीचे परिपत्रक निघते की गरज पडल्यास बोलावले जाईल, तूर्त आहात तिथेच राहावे. सरकारी पत्रव्यवहाराची ही भाषा लेखिकेच्या घरातली असणार. तिचे पती भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते दौऱ्यावर असताना तिने ही कथा लिहिली. परतल्यावर त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे ते म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस. कथा छापायला त्यांनीच उत्तेजन दिले.

सूड म्हणून वाचले तर एक प्रश्न उरतोच. थोड्यांच्या गुन्ह्यासाठी सगळ्या पुरुषांना कोंडणे हा कुठला न्याय? मलाही ते खुपते. पण कथेला तेच हवे आहे. वेडे मोकळे सुटले तर तुम्ही शहाण्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवाल का, असे सारा विचारते. तुमच्या देशात तर तसेच चालते. पुरुष वाचकाच्या ओठांवर आलेला ‘सगळ्यांना का?’ हा आक्षेप जनान्यातल्या बाईने कधीचा घेतलेला आहे, एवढेच त्याला त्या क्षणी कळते. माझी खरी तक्रार वेगळी आहे. शेते विजेवर नांगरली जातात, म्हणून या देशात शेतकरी दिसत नाहीत. ते नळ आणि फुगे घडवणारे हातही दिसत नाहीत. सुलताना भेटते ती प्राचार्यांना आणि राणीला. कष्टकरी बाई स्वप्नात यायची राहून गेली.

तरी राणीचे परराष्ट्र धोरण मला फार आवडते. व्यापाराला तिची ना नाही, पण जिथल्या बायका जनान्यात बंद असल्याने व्यवहाराला येऊ शकत नाहीत, त्या देशाशी तो होणार नाही. दुसऱ्याची जमीन नको, कोहिनूरहून तेजस्वी हिराही नको, मयूरासनाचा हेवा नाही.

कथेत सुलताना पंखांच्या उघड्या हवाई गाडीतून फिरते. लेखिकेला प्रत्यक्षात जी गाडी चालवावी लागली ती वेगळी होती. १९०९ साली पती गेले. त्याच वर्षी तिने भागलपूरला पाच मुली घेऊन शाळा काढली, आणि १९११ साली ती कलकत्त्याला नेली. मुलींना आणायला मोटार ठेवली, तीही अशी चहूबाजूंनी बंद की आतल्या अंधाराने आणि उकाड्याने मुली आजारी पडू लागल्या. मग झडपा काढून पडदे लावले. तर पत्रे आली की पडदे वाऱ्याने उडतात, यात पडदा राहत नाही, सुधारणा करा. नाही तर वर्तमानपत्रांत लिहू. आपल्या ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात हा प्रसंग तिने स्वतःच नोंदवून ठेवला आहे. तिने पडदे सांभाळले, कारण नाही तर मुली घरीच राहिल्या असत्या. ती शाळा सखावत मेमोरियल या नावाने कोलकात्यात अजून भरते.