संथपणा जसाच्या तसा

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 च्या सुमारास सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने बाजारात आणली. घरचा टीव्ही आणि टेपरेकॉर्डर जोडला की कॉम्प्युटर तयार! ते यंत्र आज सहजी मिळत नाही. पण फिलिप केंडॉल यांनी सुरू केलेला 'फ्यूज' हा मोफत इम्युलेटर ते सिन्नरमधल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवरही जिवंत करतो. या प्रोग्रामवर माझा मनापासून जीव आहे.

स्पेक्ट्रमचा झेड-80 प्रोसेसर 3.5 मेगाहर्ट्‌झचा. आजच्या प्रोसेसरला तो किरकोळच, म्हणून फ्यूजचं खरं कसब स्वतःला आवरण्यात दिसतं. पडद्यावरच्या एका चित्राला मूळ यंत्रात प्रोसेसरच्या घड्याळाचे नेमके 69,888 ठोके लागत. फ्यूजही तेवढेच मोजतो. खालच्या 16 के रॅमवर पडदा रंगवणाऱ्या यूएलए चिपचा पहिला हक्क असे आणि ती वाचत असताना झेड-80 ला ताटकळावं लागे. फ्यूज ते ताटकळणंही गाळत नाही. म्हणूनच पडद्याच्या कडेला ठोके मोजून आखलेले रंगीत पट्टे अचूक जागी उमटतात.

हे पाहायचं तर टेप झटपट लोड करण्याची सोय एकदा बंद करावी. आधी कडेला लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे. चित्र वरून खाली सरळ उतरत नाही. पडदा तीन भागांत भरतो आणि प्रत्येक भागात आधी दर आठवी रेघ उमटते, मग तिच्याखालची, असं करत मधल्या जागा बुजतात. तोवर सगळं काळं-पांढरं. 6,144 बाइट संपले की उरलेले 768 बाइट रंगांचे, आणि ते चौकोनाचौकोनाने सांडत जातात. सगळं मिळून चाळीसेक सेकंद! इतकं रसाळ लोडिंग मी दुसऱ्या कुठल्या यंत्रात पाहिलं नाही.

या रसाचा विरस होतो तो आपल्या पडद्यामुळे. स्पेक्ट्रम सेकंदाला 50 चित्रं दाखवी, आपल्या टीव्हीचा वेगही तोच होता. लॅपटॉपचा पडदा बहुधा 60 चा, त्यामुळे दर पाचातलं एक चित्र दोनदा दिसतं आणि सरकती दृश्यं अडखळतात. मॉनिटरला 50 हर्ट्‌झ चालत असेल तर तोच लावावा. चित्र पूर्ण पटीतच मोठं करावं : 192 ओळींची पाचपट 960, ती 1080 च्या पडद्यात नीट बसते. अडीचपट-पावणेतीनपट केलं की ठिपके लहानमोठे होतात. लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडवर नसावा. आवाजाचा बफर मोठा ठेवला तर खेळात उडी मारल्यावर आवाज मागून येतो, फार लहान ठेवला तर तडतडतो. तडतड थांबेल इतपतच तो वाढवावा. आणि ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून साधे वायरचेच लावावेत, बफरमध्ये वाचवलेला वेळ ब्लूटूथ परत खाऊन टाकतो.