चौघीजणींचा हिवाळा

लुइझा मे अल्कॉट यांची 'लिटल् विमेन' ही कादंबरी मराठीत आणताना शांता शेळके यांनी तिला 'चौघीजणी' हे नाव दिले. मूळ शीर्षकात वयाचा निर्देश आहे, मराठी शीर्षकात संख्येचा. हा बदल वरवर साधा वाटतो. परंतु माणसे मोजली की मोजदाद चुकण्याची धास्तीही सोबत येते. चौघींतली एक कमी होणार की काय, ही शंका मराठी वाचकाच्या मनात मुखपृष्ठापासूनच घर करू शकते. माझ्या मते या पुस्तकाचे मर्म त्या शंकेत आहे.

ही कादंबरी मुलींच्या हाती देताना आपल्याकडे बहुधा एक उपदेशही दिला जातो : बेथसारखी हो. बेथ शांत, बेथ सोशिक, बेथ गरिबांच्या घरी जाणारी. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत तर हे पुस्तक दयाधर्माचा पाठ म्हणूनच वाचले जाते. हे वाचन खोटे नाही. पण ते अर्धवट आहे, आणि ज्या अर्ध्या भागाकडे आपण काणाडोळा करतो तो अधिक बोचणारा आहे.

कथानकाची चौकट पाहावी. 1868 साली प्रसिद्ध झालेला पहिला भाग एका नाताळापासून दुसऱ्या नाताळापर्यंतचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाचा काळ. वडील सैन्यात धर्मोपदेशक म्हणून गेलेले. घरी आई, चार मुली आणि जुनी मोलकरीण हॅना. पहिल्या नाताळाच्या सकाळी जवळच राहणाऱ्या हमेल नावाच्या गरीब जर्मन कुटुंबाची हकीकत कळते. बाळंतीण आई, चुलीत जाळ नाही, थंडीने गारठू नये म्हणून सहा मुले एकाच बिछान्यात बिलगलेली. मार्च कुटुंब आपली सणाची न्याहारी उचलून त्या घरी नेते आणि परत येऊन दूधपाव खाते. इथवरचा भाग सर्वांना आठवतो. संध्याकाळी शेजारचे श्रीमंत गृहस्थ लॉरेन्स आइस्क्रीम, केक, फळे आणि फुले पाठवून देतात, हेही आठवते. सकाळी दिले, रात्री मिळाले! नाताळच्या गोष्टीत असा चोख हिशेब वाचकाला आवडतो, आणि तो पुरवताना लेखिकेने हात आखडता घेतलेला नाही. मला हा प्रसंग थोडा गोडमिट्ट वाटतो.

पण लेखिका तिथेच थांबत नाही, हे तिचे मोठेपण. पुढच्या हिवाळ्यात ती त्याच हमेलांच्या दारात आपल्याला पुन्हा नेते, आणि या वेळी तिथून काय येते? ज्वर.

नोव्हेंबरात वॉशिंग्टनहून तार येते : वडील इस्पितळात, प्रकृती गंभीर. आईला निघावे लागते. प्रवासाचे पैसे चिडखोर मार्च आत्याकडून उसने येतात. जो आपले लांब केस विकून 25 डॉलर आणते. मुली शहाण्यासारखे वागण्याचा निश्चय करतात. तो निश्चय कसा विरतो हे लेखिकेने अवघ्या दोन पानांत दाखवले आहे, आणि ती दोन पाने मी साऱ्या पुस्तकात श्रेष्ठ मानतो. आईला जाऊन दहा दिवस झालेले. हमेलांकडे कुणीतरी जाऊन यावे, असे बेथ सुचवते. मेग दमलेली आहे. ती शिवणकाम करीत खुर्चीत झुलते आहे. जोला सर्दी झाली आहे. मित्राबरोबर बाहेर पडण्यापुरती ती बरी आहे, हमेलांकडे जाण्यापुरती नाही. असे म्हणताना ती हसते आणि थोडी ओशाळतेही. बेथ रोजच तिथे जात होती, हे तेव्हा कुठे बहिणींना कळते. आज तिचे डोके दुखते आहे आणि तिथले तान्हे बाळ आजारी आहे. धाकटी ॲमी आली की जाईल, असे ठरते. तासभर वाट पाहिली तरी ॲमी येत नाही. मेग नवा पोशाख घालून पाहायला खोलीत जाते, जो आपल्या कथेत बुडते, हॅना चुलीपुढे पेंगते. बेथ टोपडे चढवते, टोपली भरते आणि न बोलता थंडीत बाहेर पडते.

या प्रसंगात कुणीही दुष्ट नाही. प्रत्येकीची सबब आपण आपल्या घरात ऐकलेली आहे. वडिलांना डॉक्टरांकडे कोण नेणार, सणाच्या गर्दीत आजारी मावशीजवळ कोण बसणार, हे भरल्या घरात कधी ठरवले जात नाही. जो नाही म्हणत नाही त्याच्याकडे ते आपोआप जाते. बेथच्या सद्गुणाचे कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तिने मदत मागितली होती. ती नाकारली गेल्यावर तिचे सोसणे सद्गुण ठरले.

ते बाळ तिच्या मांडीवरच प्राण सोडते. जोला ती सापडते आईच्या खोलीत, औषधांच्या पेटीवर बसलेली, हातात कापराची बाटली. हमेलांकडे आलेल्या डॉक्टरने तिला घरी जाऊन बेलाडोना घेण्यास सांगितलेले असते. स्कार्लेट फीव्हरवर बेलाडोना हा उपाय होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी 1801 मध्ये सुचवला होता. 1940 नंतरच्या दशकात उपलब्ध झालेले पेनिसिलिन त्या पिढीच्या स्वप्नातही नव्हते. मग घरात इस्पितळ सुरू होते. डॉ. बँग्ज येऊन जातात, हॅना रात्री जागवते, आणि आईला कळवायचे नाही असे ठरते. हा निर्णय मायेपोटी असला तरी चुकीचा आहे, हे लेखिका उपदेश न करता दाखवते. डॉक्टर आईला बोलवा म्हणतात तेव्हा जो तार करायला धावते. पण लॉरीने ती आदल्याच दिवशी केलेली असते.

येथे चरित्राकडे वळणे भाग आहे. लुइझांची धाकटी बहीण एलिझाबेथ हिला 1856 साली हाच ज्वर झाला. ती पुन्हा कधी पूर्ण सावरली नाही आणि 14 मार्च 1858 रोजी वारली. त्या वेळी एका गरीब आजारी कुटुंबाची शुश्रूषा करीत होती ती त्यांची आई. संसर्ग घरात आला तो तिच्या सेवेतून. कादंबरीत मात्र लुइझा आईला नेमकी त्या दिवसांत वॉशिंग्टनला पाठवतात. आईवरचा भार उतरतो आणि तो जोच्या, म्हणजे लेखिकेच्या स्वतःच्या, खांद्यावर येतो. टीकाकार म्हणून मी याला पळवाट म्हणू शकेन. परंतु दयाधर्म जिने शिकवला तिच्यावर दोष ठेवण्यास मुलीची लेखणी धजली नाही, एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल. इस्पितळाचे लेखिकेचे ज्ञान ऐकीव नव्हते. 1862च्या डिसेंबरात त्या जॉर्जटाउन येथील सैनिकी इस्पितळात परिचारिका म्हणून गेल्या आणि काही आठवड्यांतच विषमज्वराने स्वतः अंथरुणाला खिळल्या.

आमच्या वाचकांसाठी एक प्रसंग मुद्दाम सांगतो. संसर्गाच्या भयाने आत्याकडे धाडलेल्या ॲमीला तिथली फ्रेंच कॅथलिक दासी आधार देते. तिचे खरे नाव एस्टेल. आत्याने ते बदलून एस्थर केले. नाव बदला, पण धर्म बदलायला सांगू नका, या अटीवर तिने ते सोसले! ती ॲमीसाठी छोटे प्रार्थनास्थान सजवते, पवित्र मातेचे चित्र लावते. जपमाळ ॲमी तिथे टांगून ठेवते, वापरत नाही. प्रॉटेस्टंट प्रार्थनेला ती चालेल की नाही याची तिला खात्री नसते. पुढे आई ते पाहते आणि रागावत नाही. त्या काळच्या न्यू इंग्लंडमधील लेखिकेकडून ही उदारता अनपेक्षित आहे. भरल्या घरातून दूर पडलेल्या मुलीला सोबत करते ती एक परकी मोलकरीण, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

1869च्या दुसऱ्या भागात बेथ जाते. पहिल्या भागाचा शेवट सुखाचा मानणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा. दुसरा नाताळ उजाडला आहे, वडील परतले आहेत, आनंदाच्या भरात ताटातली टर्की खाली ठेवायचे विसरून हॅना दाराआड रडते आहे. जेवणाच्या मेजाच्या अग्रभागी दोन आरामखुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या आहेत. एकीत वडील, दुसरीत बेथ. टर्की आणि पुडिंग बाकीच्यांसाठी. ही दोघे थोडी कोंबडी आणि जरासे फळ खात आहेत.